फवारणीचा कोट पहिल्यांदा कोणी शिवला?

माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीनं मला फसवलं. मी शिवलेला फवारणीचा कोट तिनं नमुना म्हणून नेला, घरी नेऊन टाका टाका उसवला, त्याच्यावरून बुलढाण्यात दुसरे शिवून घेतले आणि ते मोबाइलवर असे मांडले की आज कोणीही फवारणीचा कोट शोधला की पहिली ती दिसते. मी दिसत नाही. संग्रामपूरला भर रस्त्यावर माझं दुकान आहे, त्याच्यावर हातभर अक्षरांची पाटी आहे, तरी मी दिसत नाही.

हे मला कळलं ते एका तहानलेल्या माणसाकडून. कपाशी कमरेच्या वर गेली होती, पोळा होऊन गेला होता. एक शेतकरी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकला आणि त्यानं पाणी मागितलं. मी दिलं.

"काकू, खामगावची गाडी कधी हाय वो?"

"येईन आता. कुठं चालले?"

"बुलढाण्याले. फवारनीचे कोट आनाचे हाये, गावातल्या समद्यायसाठी."

त्याच्या पाठीमागे, हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर, माझे फवारणीचे कोट टांगलेले होते. मी म्हटलं, "भाऊ, जरा मागं पाहा."

त्यानं मान वळवली. "हाव, असाच. पन त्याचं समदं लिहेल हाय न! पंप कुठं बसते, उकडते का, कसा धुवाचा. भाव बी हाय." आणि त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. वर माझ्या धाकट्या बहिणीचं नाव, खाली कोट.

काखेतली जाळी माझी. पाठीवरचा दुहेरी कपडा माझा. मांडीवरच्या पट्टीची शिवण मी जिथं वळवते तिथंच वळवलेली. माझं मूल दुसरीच्या कडेवर पाहावं तसं वाटलं.

"हा कोट माझा आहे," मी म्हटलं.

तो हसला नाही, चिडला नाही. सरळ विचारलं, "मंग मोबाइलात तुमचं नाव काऊन नाही?"

गाडी आली. तो गेला. पाणी माझं प्यायला आणि कोट तिचा घ्यायला गेला.

हा कोट कसा झाला ते सांगते, कारण ते सांगणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. बीटी कपाशी आली तेव्हा सगळे म्हणाले, आता अळी विसरा, फवारणी विसरा. काही वर्षं तसं झालंही. मग बोंडातली गुलाबी अळी त्या बियाण्याला सरावली. वरून बोंड चांगलं दिसायचं आणि फोडलं की आत अळी. लोक घाबरले. दुकानदार सांगेल ते औषध, त्यात शेजारी सांगेल ते दुसरं, असं एकाच पंपात कालवून माणसं छातीएवढ्या कपाशीत शिरू लागली. डोळे चुरचुरत, अंगाची आग होत बाहेर यायची. कोणाकोणाला दवाखान्यात न्यावं लागलं. माझा नवरा एका संध्याकाळी शेतातून आला तो भिंत धरून. त्या दिवशी त्याला चूल दिसत नव्हती.

प्लास्टिकचे कोट घरोघर होते, कुठून कुठून फुकट वाटलेले. ते कोणी घालत नव्हतं. आत माणूस शिजायचा. लोकांनी ते गुरांच्या कुटाराच्या, म्हणजे भुश्याच्या, ढिगावर पांघरले आणि उघड्या अंगानं फवारायला गेले. मी तेव्हा शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवत होते. मी विचार केला, सगळ्या अंगाला प्लास्टिक कशाला? औषध अंगाला नेमकं लागतं कुठं, तेवढं पाहू.

म्हणून मी पंपात नीळ कालवली. कपड्याला घालतो ती नीळ. नवऱ्याला जुना पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घातला आणि म्हटलं, जा, औषध समजून सगळं वावर फवारून ये. तो आला तेव्हा मांड्या निळ्या, पाठीचा खालचा भाग निळा, कोपरापर्यंत हात निळे. काख आणि कुशी मात्र कोरड्या. गावातले लोक ओट्यावरून ओरडले, "वैनी, पोळा त झाला, आता भाऊले काऊन रंगवून राह्यल्या?" हसू दे. जिथं निळं तिथं मी औषध न झिरपणारा कपडा दुहेरी घातला, जिथं कोरडं तिथं जाळी लावली. तो कोट नवऱ्यानं दुपारभर अंगावर ठेवला. नंतर शेजाऱ्यानं मागून नेला तो परत दिलाच नाही. तिथून माझा धंदा सुरू झाला. एका मशीनचं दुकान होतं, त्यात दुसऱ्या बायका येऊन बसल्या. कोणाची मेहेरबानी नाही.

धंदा मला बाबांनी शिकवला. ते बैलांचे दलाल होते. मेहकरकडच्या बाजारात विकणाऱ्याचा आणि त्यांचा हात एका रुमालाखाली जायचा आणि भाव बोटांनी ठरायचा. बोट दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. वर तोंडानं पावसापाण्याच्या गोष्टी. भोवती माणसं उभी असायची, पण कोणाला काही कळायचं नाही. बाबा म्हणायचे, भाव ही दाखवायची वस्तू नाही. भाव उघडा पडला की माणूस उघडा पडतो. माझा हात त्यांनी रुमालाखाली धरून सगळी बोटं शिकवली. धाकटी तेव्हा शाळेत असायची. पुढे ती बुलढाण्याला कॉलेजात शिकली, तिथंच तिचं लग्न झालं, नवरा कचेरीत. ती पंख्याखाली वाढली आणि मी मशीनवर.

ती एकदा महालक्ष्म्यांना माहेरी आली आणि नंतर दोन दिवस माझ्याकडे राहिली. दुकानात बसली. मला वाटलं काजं करायला मदत करेल. ती गिऱ्हाइकांना छळत बसली.

"दादा, हे तुमी मोबाइलले इचारलं असतं, त कसं इचारलं असतं?"

माणसं लाजायची. मग एकानं मोबाइल तोंडाजवळ नेला आणि ओरडला, "फवारनी केल्यावर अंगाची आग होते काय कराव!" दुसरा म्हणाला, "मी त इचारलं होतं, औषधाचा वास डोक्यात गेला त काय खाव." बायका हसून हसून मशीनवर पडल्या. मीही हसले. म्हटलं, "अव, गप्पा मारून कोट खपत नाही."

"ताई, कोट कोणीच मागून नाही राह्यलं, पाह्य न," ती म्हणाली. "हे त त्रास सांगून राह्यले."

मला ते वाक्य तेव्हा येडपटासारखं वाटलं. आज तिच्या वेबसाइटच्या एका पानाचा मथळा तोच आहे: फवारणी केल्यावर अंगाची आग होते, काय करावं? माझ्या दुकानात, माझ्या बाकड्यावर बसलेल्या माणसाचं वाक्य.

जाताना तिनं विचारलं, "मी बुलढाण्याले इकते. मले काय भावानं देशीन?" मी भाव सांगितला. बहीण असो की व्याही, पहिला भाव चढाच सांगायचा असतो, नाहीतर उतरायला जागा कुठली? रीत अशी की तिनं निम्म्यावर मागायचं, मी शिव्या द्यायच्या, तिनं पिशवी उचलायची, मी उंबऱ्यावरून हाक मारायची. ती नुसतं "बरं" म्हणाली. म्हणाली, एक नमुना दे. मी दिला, तो घेऊन ती गाडीत बसली.

पायरीवरच्या त्या माणसाची गाडी गेली आणि दुसऱ्याच दिवशी मी खामगावला गेले. तिथं वेबसाइट करून देणारा एक माणूस होता. मला कोणीतरी सांगितलं होतं की या कामाचा भाव पानांवर ठरतो. मग काय, मी घासाघीस सुरू केली. दहा पानांच्या भावात वीस दे. तो लगेच "देतो काकू" म्हणाला. कापडाच्या बाजारात लगेच हो म्हणणाऱ्याचा तागा मी आधी उलगडून पाहते. पानांच्या बाजारात मी नवी होते.

त्यानं एकच पान केलं आणि त्यातल्या गावाचं नाव बदलून वीस केली. संग्रामपूरमध्ये उत्तम फवारणी कोट. मेहकरमध्ये उत्तम फवारणी कोट. बाकी अक्षर न अक्षर तेच. सुरुवातीला माझा हात जोडलेला फोटो, भोवती झेंडूची नक्षी, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतो तसा. कोटाची सगळी माहितीही त्या चित्रातच, सोनेरी अक्षरांत. भावाच्या जागी मी लिहायला लावलं: भावासाठी प्रत्यक्ष भेटा. मला ते फार शोभिवंत वाटलं. मी म्हटलं, अजून एक कर, 'फवारणी कोट' हे शब्द जास्तीत जास्त वेळा टाक. आठवडी बाजारात जो जास्त ओरडतो त्याच्या पालासमोर गर्दी होते, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

तो म्हणाला, "काकू, तेवढं टाकलं त वाचनाऱ्याले कसंतरी वाटन. एक करतो. पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरात लिहून देतो. मानसाले दिसनार नाही, मोबाइलात शोधून देनारं मशीन वाचन."

माझ्या अंगावर काटा आला, आनंदानं. हा तर बाबांचा रुमाल! वरून पावसापाण्याच्या गोष्टी, खाली बोटं. मी त्याला चहा पाजला.

थोडे दिवस माझी वेबसाइट दिसली. बरीच खाली, पण दिसली. मी दुकान उघडलं की आधी मोबाइल पाहायची. वर बहीण, खाली मी. तिच्या पानाखाली कोणी जालन्याकडचा लिहायचा, ताई फार उपयोगी माहिती. मी मोबाइल पालथा ठेवायची. ताई ती कशी? ताई मी आहे. मग एका सकाळी मी दिसेनाशी झाले. दुकानाचं नाव घालून शोधलं तरी नाही. खामगाववाल्याला फोन केला.

"धरलं काकू मशीननं."

"मंग सोडव."

"लपवेल अक्षरं काढा लागते. एकसारखी पानं काढा लागते. मंग वर कळवा लागते का आता तसं करनार नाही."

"म्हंजे माफी मागू? मशीनले?"

"तसंच समजा."

मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला आणि माझ्या मनात एकच आलं: ही आग लावली बहिणीनं. तिनंच कळवलं असणार.

सकाळच्या गाडीनं निघाले, खामगावला गाडी बदलली, घाट चढून बुलढाण्याला तिच्या दारात उभी राहिले. आतल्या खोलीत बायका शिवत होत्या. माझाच कोट. एकीनं वर पाहून विचारलं, "कोन वो?" माझी बहीण म्हणाली, "माही ताई." तेवढंच. याच बाईनं हा कोट काढला, असं नाही. माही ताई.

मी बसले नाही. "माही वेबसाइट तू बंद पाडली?"

"मी काऊन पाडीन?" ती म्हणाली. "म्या त पाह्यली बी नाही." हे जास्त लागलं. मी रोज तिची पाहत होते.

तिनं माझा मोबाइल घेतला, खामगाववाल्यानं मला पाठवलेली पानं पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अव ताई, हे काय करून ठेवलं! तुही समदी माहिती फोटोत हाय. मशीनले फोटोतली अक्षरं धड वाचता येत नाही, अन् फोटोखाली तू एक ओळ लिहेल नाही. वीस पानं, वीसही सारखी. मानसानं कोनतं पान वाचाव?"

"तू काय करते मंग मोठी?"

"मी एका पानात एकाच गोष्टीचं उत्तर देते. मथळ्यात तेच लिहिते जे मानूस बोलून इचारते. पहिल्या दोन ओळीत उत्तर, मंग बाकीचं. पान हलकं ठेवते, वावरात रेंज कमी असते. अन् भाव लिहिते."

"भाव लिहिते!"

"नाही लिहिला त मानूस दुसऱ्याचं पान उघडते, ताई. त्याले वावरात जाचं असते. तो कायले तुले फोन करत बसन?"

मग तिनं दाखवलं की शेतीच्या एका मास्तरनं आणि शेतकऱ्यांच्या दोन-तीन गटांनी आपापल्या पानांवर तिच्या पानाचा पत्ता दिला आहे. तिनं मागितला नव्हता, पण असे पत्ते पाहून मशीन पान वर ठेवतं म्हणे. मी विचारलं, का दिला? ती म्हणाली, कारण त्यात लिहिलंय की हा कोट कशापासून वाचवत नाही. वाऱ्याच्या तोंडावर फवारलं तर नाही वाचवत. दोन औषधं कालवली तर नाही वाचवत. फाटला तर नाही. मी कानांवर हात ठेवले. आपल्या बैलाची खोड आपणच बाजारात सांगायची! बाबांनी हे ऐकलं असतं तर उठून गेले असते. पण त्या खोडीखालीच लोकांनी जास्त लिहिलं होतं: खरं सांगितलं ताई.

मी वाचत गेले. उकडतं का, किती वेळा धुवायचा, बाईमाणसाला बसेल का, सगळे प्रश्न, सगळी उत्तरं. आणि मग ते आलं. कोट कुठं दुहेरी असावा? खाली उत्तर: निळीच्या पाण्यानं फवारणी करून पाहिल्यावर असं दिसलं की औषध मांड्यांवर आणि पाठीच्या खालच्या भागावर जास्त लागतं.

"करून पाहिल्यावर," मी मोठ्यानं वाचलं. आतल्या मशीन थांबल्या. "कोनं करून पाह्यलं?"

तिनं माझ्या हातातून मोबाइल काढून घेतला.

"नीळ कोनं कालवली? कोनाचा नवरा निळा झाला?"

"तू कालवली," ती म्हणाली. "तुवा भाऊजीले रंगवलं. मले माहीत हाय."

"मंग लिहिलं काऊन नाही?"

"ताई, ते कोनी शोधत नाही. लोकं जे इचारते तेच मी लिहिते."

माझा हात उठणार होता. शिवणाऱ्या बायका होत्या म्हणून आवरला. मी म्हटलं, चोरून नेला वर शहाणपण शिकवते. तेव्हा ती पहिल्यांदा चिडली.

"चोरून? म्या तुले भाव इचारला होता. तुवा मले बी गिऱ्हाइकाचा भाव सांगतला. मले, ताई! रुमालाखालून!"

"मंग बोट दाबाचं होतं! हात काऊन काढून घेतला?"

"मले ते शिकवलं कोनी?" ती ओरडली. "बाबानं तुहा हात धरला. मले कधी रुमालापाशी बसू देल्लं? मी शाळेच्या खिडकीतून बाजार पाहो."

हे मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. तिला त्या रुमालाचा हेवा होता, आणि मला वाटायचं हेवा करण्याचा हक्क एकट्या माझा. खरं असेल. तिनं डोळे पुसले, चहा टाकला, तो मी प्यायले, कारण गाडीला वेळ होता. पण रुमाल शिकवला नाही म्हणून थोरल्या बहिणीचा कोट उसवायचा, हा कुठला न्याय? आणि उसवला तर उसवला. पानावर एक ओळ लिहायला कपडा लागत नाही.

घाट उतरताना मी एकाच वाक्याचा विचार करत होते. ते कोणी शोधत नाही. लोक विचारतात तेच मी लिहिते.

बरं. बाजार माझाही आहे.

मी ती वीस पानं काढून टाकली. पांढरी अक्षरंही काढली. मशीनला कळवलं की आता तसं करणार नाही. माफी म्हटलं नाही. आणि दुकानात नवा नियम केला. सकाळी बायका मशीनवर बसण्याआधी मोबाइल तोंडाजवळ नेतात आणि विचारतात. गिऱ्हाईक आलं आणि भाव कमी करा म्हणालं, की मी म्हणते, करते, आधी मोबाइलला एक प्रश्न विचारा. त्यांना वाटतं काकूच्या डोक्यावर परिणाम झाला. पण भाव उतरणार असेल तर माणूस काहीही विचारतो. एक जण म्हणाला, "काकू, दोनदा इचारलं त दोनदा कमी कराल काय?" मी म्हटलं, "घरच्यायले बी इचाराले लाव, मंग पाहू." तो गावी गेला आणि त्यानं आपल्या मित्रांनाही सांगितलं. वावरातून, बसमधून, पानठेल्यावरून लोक विचारू लागले: फवारणीचा कोट पहिल्यांदा कोणी शिवला?

परवा मी मोबाइलवर 'फवारणीचा कोट' एवढंच लिहिलं आणि थांबले. खाली मोबाइलनं आपणहून पुढचे प्रश्न सुचवले. कोट कसा धुवायचा. कोटाचा भाव. आणि त्यांच्याखाली तो. माझा. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं चष्मा लावून वाचला आणि म्हणाला, "मीच नेसलो होतो न तो पयला." त्याला तेवढंच आठवतं.

धाकटे, आता तुलाच सांगते: त्या प्रश्नावर बोट ठेवलं की आजही पहिलं तुझंच पान उघडतं. त्यात सगळं आहे आणि हे उत्तर नाही. मला लोक सांगतात, तुम्हीच लिहा की तुमच्या पानावर. मी लिहू शकते. पण विकणाऱ्यानं आपल्याच बैलाचे दात मोजून सांगितलेलं वय बाजारात कोणी धरत नाही. दात दुसऱ्यानं मोजायचे असतात. आणि ज्यानं बैल नेला त्याच्याइतके ते कोणाला माहीत असणार?

तू म्हणाली होतीस, लोक विचारतील ते लिहीन. आता लोक विचारतात. जालन्याकडचे विचारतात, घाटावरचे विचारतात, तुझ्याच पानाखाली एकानं विचारलंय आणि तू त्याला उत्तर दिलेलं नाहीस. इतरांना तासाभरात देतेस. कोट तुझ्याकडे ठेव, गिऱ्हाईक ठेव, पंखाही ठेव. पण नीळ कोणी कालवली, कोट पहिल्यांदा कोणी शिवला, ते मथळ्यात लिही आणि पहिल्या दोन ओळींत उत्तर दे. भाव लिहितेस त्याच अक्षरांत. पांढऱ्यावर काळं. मी रोज सकाळी दुकान उघडलं की पाहते. सांग, कधी लिहितेस?